बाबांनी आखलेल्या ओळी

३ मे १७७४, साल्झबुर्ग

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, खरं लिहायचं आणि रडगाणं गायचं नाही.

बाबांना जाऊन तीन महिने झाले. तापात शेवटी एकच घोकत होते, आनाच्या दिवसाचं राहिलं, आनाच्या दिवसाचं राहिलं. सव्वीस जुलैला, संत आनाच्या दिवशी, पुख्नरबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, असतो. त्यांच्या बागेत मेजवानी होते आणि तिथे दरवर्षी बाबांचं, म्हणजे ट्राउनरचं, नवं संगीत वाजतं. माझ्या जन्माच्या आधीपासून. यंदाचं बाबांनी सुरू केलं होतं. ते पुरं झालं नाही तर बाई लिन्झहून आलेल्या त्या नव्या संगीतकाराला सांगतील. तो तरुण आहे आणि केसांना फार पावडर लावतो. एकदा तो दिवस त्याच्याकडे गेला की कायेतान ट्राउनर हे नाव दफनभूमीतल्या पाटीवर तेवढं उरेल.

ते होऊ द्यायचं नाही.

काय तयार आहे ते आज नीट पाहिलं. बागेत शिरताना चालत वाजवायचा मार्च, पुरा. पहिला जलद भाग, पुरा. एक मिन्युएट, म्हणजे नाचाचा तुकडा, पुरा. मग संथ भाग, त्याची जेमतेम अर्धी ओळ. पुढे कोरे कागद. पण अगदीच कोरे म्हणता येणार नाहीत. बाबांनी त्यांच्या पाच टोकांच्या लेखणीने शेवटच्या पानापर्यंत ओळी आखून ठेवल्या आहेत. म्हणजे काम बहुतेक झालेलंच आहे. ओळी त्यांच्या. मी फक्त त्यांवर सुरांची टिंबं ठेवायची. याला कोणी रचना म्हणणार नाही. ही नक्कल. नकला तर मी अक्षरओळख व्हायच्या आधीपासून उतरवते.

संकल्प: स्वतःचा एकही सूर घालायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी

संथ भागाची अर्धी ओळ पुरी केली. टिंब ठेवलं आणि मागे कोणी तरी खोकलं.

बाबा शिकवताना ओरडायचे नाहीत. हात उगारायचे नाहीत. मी चुकले की खिडकीकडे तोंड करून एकदाच, हलकं खोकायचे. मी जे काही शिकले ते त्या खोकल्यावरच शिकले. शाळा अशी ती एवढीच.

मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरचा चांभार असणार. आईला विचारलं तर म्हणाली, तो सकाळपासून हालाइनला गेलाय. मग चांभारीण.

टिंब खोडून एक घर खाली ठेवलं.

८ मे

मन खायला लागलं म्हणून फादर चोलेस्टिनांकडे कबुलीजबाबाला गेले. विचारलं, जे अजून लिहिलेलंच नाही त्याची नक्कल करणं पाप आहे का. ते म्हणाले, त्यात काही वाईट चालीचं आहे का. म्हटलं, नाही, एक मिन्युएट आहे. ते म्हणाले, मुली, मागे रांग लागलीय. प्रार्थना सांगितल्या त्या मी दुप्पट केल्या. मन आता स्वच्छ आहे.

१५ मे

संथ भाग पुरा. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, सूर आपोआप येत होते. हीच खूण. माझे असते तर इतके सहज आले नसते.

फार आनंदी उतरला आहे. मेजर, म्हणजे उजळ सुरांत आहे आणि बाबांचं म्हणणं होतं, मेजरमध्ये रडायला बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मेजवानीच्या संगीताची बाबांची एकच परीक्षा असे. वाजत असताना पाहुण्याला शेजाऱ्याकडे मीठ मागता आलं पाहिजे. बाबा म्हणायचे, ज्याच्यावरून मीठ मागता येत नाही ते चर्चमध्ये न्या, जेवणाच्या टेबलाशी आणू नका. पुख्नरांच्या बागेत त्यांचा प्रत्येक संथ भाग चालू असताना लोक गप्पांत पोट धरून हसले आहेत. पाहुण्यांची कुजबुज वाढली की बाबा व्हायोलिनवरून व्हितालकाकांना डोळा मारायचे. जमलं, असं म्हणायचे.

म्हणून आज परीक्षा घेतली. आई जेवायला बसली तेव्हा मी बाबांचं व्हायोलिन काढून संथ भाग वाजवला. लिव्हर घातलेल्या पिठाच्या गोळ्यांचं सूप होतं, आईच्या आवडीचं. आईने चमचा खाली ठेवला. मी संपवेपर्यंत तो तिने उचलला नाही. विचारलं, मीठ हवं का. म्हणाली, सूप गरम आहे. मग उठली आणि कालपासून स्वच्छ असलेली थाळी पुन्हा घासत बसली.

सूप खरंच गरम असावं. परीक्षा सूप गार झाल्यावर घ्यायला हवी होती.

२२ मे

पाऊस. बाबांच्या व्हायोलिनची एक तार पेटीत बंद असतानाच तुटली. दमट हवा.

गजाची गोष्ट वेगळी आहे. बाबा वाजवून झालं की गजाचे केस सैल करायचे आणि मी ते नेहमी विसरते. गेले काही दिवस मी विसरते, आणि दुपारी पेटी उघडते तर गज सैल असतो. आईला विचारलं. म्हणाली, मी त्या पेटीला हात लावत नाही, मला लावता येत नाही. तर दमट हवेने केसही सैल होत असणार. तारा तुटतात तिथे केसांचं काय.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. चर्चची तशी आज्ञाच आहे.

आज दुसऱ्या मिन्युएटमध्ये एका जागी अडले. साधा सूर की चढा, ठरेना. मोठ्याने विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे साधाच.

२ जून

दुसरा मिन्युएट आणि शेवटचा भागही उतरवून झाला. शेवटचा फारच बाबांसारखा आहे. इतका, की बाबांनी तो दोन-तीन वेळा आधीच लिहिलाय असं वाटतं. संथ भाग मात्र त्यांनी पूर्वी कधीच न लिहिलेल्या धर्तीचा आहे. आजारपणात माणूस नवीन काही शिकतो, त्यातला प्रकार.

खोकला येतो तो फक्त संथ भागाच्या वेळी. बाकी भागांना येत नाही. चांभारणीला संगीताचा कान आहे असं दिसतं.

९ जून

व्हितालकाका वादकांना घेऊन आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. हॉर्न वाजवतात, आणि वाजवत नसतात तेव्हा चेष्टा करतात. दोन्हींत दम सारखाच लागतो म्हणे. सोबत झिलनर होते. आमच्याकडे नामदिनाचं संगीत उभ्यानेच वाजवतात, कारण वाजवतच बागेत शिरायचं असतं आणि वाजवतच बाहेर पडायचं. त्यामुळे झिलनर आपला लहान बेस पट्ट्याने गळ्यात अडकवतात. दिसतात ते बेसने त्यांना पकडून आणल्यासारखे.

काकांनी विचारलं, दादाने कधी पुरं केलं हे. म्हटलं, ओळी आखून ठेवल्या होत्या. काकांनी पानं पुढे-मागे चाळली. मग म्हणाले, बरं, वाजवू या.

मार्च छान झाला. जलद भागात झिलनर एकीकडे वाजवत, एकीकडे बायकोच्या माहेरच्यांबद्दल बोलत होते. म्हणजे अगदी हवं तसं. मग संथ भाग. अर्ध्यावर झिलनर थांबले आणि बाहीने नाक पुसलं. त्यांना सर्दी आहे. दुसरं व्हायोलिनही थांबलं. काका हॉर्न खाली करून म्हणाले, बुर्गे, पुख्नरबाईंचा नामदिन आहे. त्यांना जिवंतपणीच पोचवायचंय का तुला.

मी सांगितलं की भाग मेजर सुरांत आहे. काका म्हणाले, तेच तर, मायनरमध्ये, रडव्या सुरांत असतं तर सहन तरी झालं असतं.

पुन्हा वाजवलं. दुसरं व्हायोलिन एका जागी चुकलं आणि तेवढ्यात खोकला आला. या वेळी सगळ्यांनी ऐकला. मला बरं वाटलं, म्हणजे तो फक्त माझ्या कानात नाही. पण सगळे माझ्याकडेच वळले. काका म्हणाले, अगदी दादासारखी खोकतेस गं. झिलनर म्हणाले, पाठ करून उभी असती तर मी शपथेवर कायेतानच म्हणालो असतो.

मला सर्दी नाही. घसाही साफ आहे. मी खोकले असते तर मला कळलं नसतं का.

१६ जून

संथ भाग अधिक आनंदी केला. म्हणजे मी केला नाही. आनंद आधीच होता, फक्त दिसावा म्हणून जागोजागी सूर थरथरवले. बाबाही असं करायचे, केकवर साखर भुरभुरवतात तसं.

काकांना ऐकवलं. काका म्हणाले, रडणाऱ्या बाईच्या कानात डूल घातलेस.

काकांना संथ भाग मुळातच आवडत नाहीत, कारण त्यात हॉर्नला काम कमी असतं.

२४ जून

संत योहानचा दिवस. टेकडीवर जाळ पेटवले, सगळे गेले. मी गेले नाही, काम आहे.

नवीन कल्पना: साथीच्या व्हायोलिनने गज बाजूला ठेवून तारा बोटाने छेडायच्या. त्याने हलकं, खेळकर वाटतं. झिलनरांबरोबर करून पाहिलं. झिलनर म्हणाले, छान आहे, ओल्या मातीवर थेंब पडतात तसं. कुठली माती ते बोलले नाहीत. चर्चमागच्या त्या कोपऱ्यात अजून गवत उगवलेलं नाही, ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

तारा छेडणं रद्द. गज परत.

दुपारी जिन्यावर पावलं. डाव्या पायाचा आवाज उजव्यापेक्षा जड, मधल्या पायरीवर थांबून दम. मी दार उघडलं. जिना रिकामा. पायऱ्या लाकडी आहेत, जाळाच्या दिवसांत लाकूड तापतं आणि आवाज करतं. मी दार थोडा वेळ उघडं ठेवलं. हवेसाठी.

५ जुलै

काका एकटेच आले. टोपी हातात घेऊन बसले, चेष्टा केली नाही, तेव्हाच समजले काही तरी वाईट बोलणार. म्हणाले, दादाचा दोन वर्षांपूर्वीचा संथ भाग आहे, सूरही जुळतात, तो मधे घालू. तेव्हा ताटात ट्राउट मासा आलेला असेल, काट्यांकडे लक्ष असेल सगळ्यांचं. कुणाला कळायचं नाही.

मी म्हटलं, बाबांचा शेवटचा भाग काढून बाबांचाच जुना घालायचा? ही फसवणूक आहे.

काका म्हणाले, बुर्गे.

एवढंच म्हणाले.

आई कोपऱ्यात रफू करत होती. मान वर न करता म्हणाली, व्हितालभावजींचं ऐक. मी म्हटलं, आई, तुला संगीतातलं कळत नाही. आई म्हणाली, नाही कळत. पण त्यांना लग्नापासून रोज ऐकलंय. यात ते नाहीत. यात तू त्यांना शोधत फिरतेयस, खोल्याखोल्यांतून.

आई थकली आहे. या वर्षी तिला फार काम पडलं. रात्री तिच्या पायांना तेल लावायचं.

काका निघताना आईला म्हणाले, वहिनी, हिला एकदा मनसोक्त रडू द्या. मी आत होते पण ऐकू आलं. कशाला रडू? सगळं वेळेत तयार आहे.

१८ जुलै

सगळ्या वादकांचे कागद पुन्हा उतरवले, डाग नको म्हणून. मथळ्यावर सुवाच्य लिहिलं: कायेतान ट्राउनर यांची रचना. ते लिहिताना दोनदा डाग पडला. लेखणी खराब आहे.

बाबांचा कोट दाराच्या खुंटीवर आहे. आई दर शनिवारी त्याला ब्रश करते. आज पाहिलं तर त्याची उजवी बाही खिशात होती. बाबा विचार करताना हात तसाच ठेवायचे. आईनेच ठेवली असणार. विचारलं नाही. सगळं विचारत बसलं तर कामं कधी होणार.

कागद कोटासमोर एकेक करून धरले. कोणी खोकलं नाही. एकदाही नाही.

म्हणजे बरोबर आहे सगळं.

२६ जुलै, सकाळ

ऊन आहे. हा शुभशकुन. मी बागेत असणार नाही; मुली हातात वाद्य घेऊन लोकांच्या बागेत शिरत नाहीत. आईबरोबर पुख्नरांच्या स्वयंपाकघरात मदतीला जायचं ठरलं आहे. तिथल्या दारातून सगळं ऐकू येतं.

आज बाबांचं राहिलेलं पुरं होणार. मग घरातली पावलं, गज, खोकला, जे काही दमट हवेमुळे होतंय ते सगळं थांबेल. त्यांनी जायला हरकत नाही. मी तसं मोठ्याने सांगितलंसुद्धा, खोलीत. अगदी शांतपणे.

२७ जुलै

जमेल तसं क्रमाने लिहिते.

मार्च वाजवत काका आणि मंडळी फाटकातून आली तेव्हा उन्हं कलली होती. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. पुख्नरबाई निळ्या झग्यात होत्या, हसून हसून लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, आले रे आपले ट्राउनर. बाबा नाहीत हे त्या तेवढ्यापुरतं विसरल्या असाव्यात, कारण मग त्यांनी क्रॉसची खूण केली आणि पाणी प्यायल्या.

जलद भागाला गलका इतका होता की स्वयंपाकीण कोर्दुला म्हणाली, आज कुणाला काही ऐकू जात नाहीये, मस्त चाललंय. मिन्युएटला दोघं-चौघं नाचलेसुद्धा. मी दारात उभी होते, हातात काकडीच्या सॅलडचं भांडं.

मग संथ भाग.

आधी जवळच्या टेबलाचं बोलणं थांबलं. मग मधल्या. मग टोकाच्या, जिथे तरुण मंडळी पैजा लावत होती. मिठाचे व्यापारी पुख्नरसाहेब स्वतः, तोंडाशी काटा, काट्यावर ट्राउटचा तुकडा, तसेच राहिले. तुकडा खाली पडला तेही त्यांना कळलं नाही. एका म्हातारबुवांनी हॅट काढून छातीशी धरली. पुख्नरबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. कोर्दुला चुलीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिचे डंपलिंग फुटून पाण्यात विरघळले.

मी मनात म्हटलं, किती छान ऐकतायत सगळे.

मीठ कोणीच मागितलं नाही. बहुतेक जेवणात मीठ नीट पडलं होतं.

संपलं तेव्हा कोणी हललं नाही. कुठून तरी एक तान्हं मूल रडायला लागलं. पुख्नरबाई उठल्या, काकांपाशी गेल्या, काही विचारलं. काकांनी मान खाली घालून काही सांगितलं. मग काकांनी झिलनरांना खूण केली आणि एकदम गेल्या वर्षीचा मिन्युएट सुरू केला. बाबांचा. न विचारता. दोन मिनिटांत सगळे पुन्हा बोलायला लागले, कोणी तरी वाइनचा पेला सांडला, कोणी हसलं. माझा दुसरा मिन्युएट वाजला नाही. शेवटचा भागही नाही. बाबांचा, म्हणजे. बाबांचा दुसरा मिन्युएट.

मार्च वाजवत मंडळी बाहेर गेली. आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता.

एकंदरीत यश म्हणायला हरकत नाही.

३० जुलै

आई खाटकाकडून परत आली ती टोपली दारातच ठेवून बसली. खाटीक तिला म्हणाला होता, ऐकलं आम्ही. वाईट वाटलं. ट्राउनरांचं डोकं शेवटी शेवटी ठिकाणावर नव्हतं, नाही का? चांगला हसरा माणूस, आणि नामदिनाला असलं काही लिहून ठेवलं.

पावाच्या दुकानातही तेच. चांभारणीनेही तेच विचारलं. जाता जाता तिने असंही सांगितलं की पुढच्या वर्षीचा आनाचा दिवस लिन्झवाल्याला दिला आहे.

मी थेट काकांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, बाईंनी विचारलं हे काय आहे, तर मी सांगितलं, दादा तापात होता, तापाने लिहिलंय. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाला वेडा ठरवलंत. काका म्हणाले, मग काय सांगू, पोरीने लिहिलंय? मथळ्यावर तूच त्याचं नाव घातलंस. आता त्याच्या नावाखाली जे आहे ते त्याचंच. सुवाच्य अक्षरात आहे.

काका कधी माझ्यावर चिडले नव्हते. नंतर त्यांनी मला बिअर दिली, मी प्यायले नाही.

घर शांत आहे. गज मी मुद्दाम घट्ट ठेवला होता. अजून घट्टच आहे.

१ ऑगस्ट

संथ भाग मी लिहिला.

२ ऑगस्ट

कालचं वाक्य खोडावं म्हणून वही उघडली. खोडलं नाही.

दुसरा मिन्युएटही मी लिहिला. शेवटचा भागही, पण तो वाईट आहे, तो कोणाचाही असू दे.

संकल्प: पुख्नरबाईंना जाऊन सांगायचं. बाबांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक सुरावरून मीठ मागता येतं. जे मागता आलं नाही ते माझं आहे. माझं काय व्हायचं ते होवो. लोक हसतील, काकांना बोलणी बसतील, लग्नाचं तर आईने सोडूनच दिलंय. पण पाटीवरचं नाव धुऊन निघेल. उद्या जाते.

३ ऑगस्ट

उद्या जाते. आज पाऊस होता.

४ ऑगस्ट

गेले.

पुख्नरबाई स्वयंपाकघरात होत्या. टेबलभर जर्दाळू, मोठं पातेलं चुलीवर, कोर्दुला आणि दोन मुली बिया काढत होत्या. बाईंनी मला बसवलं, म्हणाल्या, ये गं बाळ, किती वाळलीस. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. अर्धी ओळ, आखलेले कागद, टिंबं, मथळा. म्हटलं, बाबांना दोष देऊ नका. ते मी लिहिलंय.

बाईंनी पातेलं ढवळणं थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, समजलं त्यांना. त्यांनी हातातला चमचा ठेवला, मला जवळ घेतलं आणि कोर्दुलाला म्हणाल्या, बघ, याला म्हणतात मुलगी. बापाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला आली. आमच्या तिघांतला एक तरी मुलगा करेल का असं?

मी म्हटलं, नाही हो, खरंच मी. बाई म्हणाल्या, हो हो, राजा. पाठीवर थोपटत होत्या. मी म्हटलं, वाजवून दाखवते, कागदाशिवाय, कुठे कुठे काय खोडलं तेही सांगते. बाई म्हणाल्या, दाखव, तेवढंच तुझं मन हलकं होईल.

स्वयंपाकघराला लागून बैठकीची खोली, तिथे त्यांचा पियानो. दार उघडंच ठेवलं, पाक लागू नये म्हणून. मी बसले. सुरुवातीपासून वाजवला, एकही डूल न घालता. मला वाटतं, इतका चांगला तो आधी कधी वाजला नव्हता. पहिल्यांदाच मी पाठीमागे कान न देता वाजवत होते.

साधारण मध्यावर बाई म्हणाल्या, कोर्दुला, साखर अजून घाल, आंबट लागतंय. कोर्दुला म्हणाली, बाई, आत्ताच दोनदा घातली. बाई म्हणाल्या, मागच्या वर्षीचा आठवतोय ना, तोंड वाकडं व्हायचं. मग त्या मुलींपैकी एक काही बोलली आणि तिघी-चौघी हसल्या. मग बरण्या किती, झाकणाला कापड कुठलं, लिन्झवाल्याला जेवायला कधी बोलवायचं, त्याला मासे चालतात का. मी वाजवत होते. शेवटपर्यंत वाजवला.

बाई हात पुसत दारात आल्या. म्हणाल्या, हो, हेच ते. बिचारा कायेतान.

निघताना एक बरणी दिली, अजून गरम होती, दोन्ही हातांत फडक्यात धरून आणावी लागली.

घरी आले तर आई दारात उभी होती. म्हणाली, सांगितलंस? काय म्हणाल्या?

मी म्हटलं, जर्दाळूचा मुरंबा दिलाय.